ज्याच्या हातात लाटणं

मित्रांनो, मी एक जुनं लाटणं आहे, आणि माझी उमेदीची सगळी वर्षं मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका ऑफिसात काढली आहेत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. लाटणं म्हटलं की लोकांना आधी कणीक आठवते आणि लगेच नवऱ्याचं डोकं. मी आजवर कुणाच्याही डोक्यात बसलेलो नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

माझा जन्म सुताराच्या कारखान्यातला. लाकडाचा एक तुकडा यंत्रावर गरगर फिरवला, पटाशीने सोलला, दोन्ही टोकांना मुठी काढल्या, तेल पाजलं, झालो मी तयार. फक्त पोटावर एक गाठ राहून गेली. सुताराने ती पाहिली आणि मला दुकानात मागच्या रांगेत उभं केलं. तिथून मला ताईने उचललं. घरी गेल्यावर कळलं की कणीक नेमकी त्या गाठीपाशी चिकटते. ताईच्या सासूबाईंनी मला दोनदा वापरलं आणि म्हणाल्या, "हे ध्यान कुणी निवडलं?" पुढे मी भांड्यांच्या मागे पडून होतो. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, आम्ही लाकडं गोष्टी तेवढ्या मनाला लावून घेत नाही.

ताई त्या ऑफिसातली मुख्य होती. वयाने मोठे असलेलेसुद्धा तिला ताईच म्हणायचे. तिच्या हाताखालची माणसं एका मोठ्या इस्पितळाचं सॉफ्टवेअर सांभाळायची. कोणत्या रुग्णाने कोणत्या डॉक्टरकडे जायचं, कुणाला कोणतं औषध कधी द्यायचं, हे सगळं त्यावर चाले. ही माणसं रोज कोड लिहायची, आणि लिहून झाला की तो लाइव्ह करायची. म्हणजे चालू सॉफ्टवेअरमध्ये घालायची. त्या क्षणापासून इस्पितळातली माणसं त्या कोडवर विसंबून कामाला लागत.

तर एका सकाळी दोघांनी आपापलं काम एकाच वेळी लाइव्ह केलं. एक होता एक्सप्रेस. हे त्याचं टोपणनाव, कारण तो जेवायचासुद्धा उभ्याउभ्या. दुसरा त्याच्या शेजारचा. याचं काम त्याच्या कामावर जाऊन बसलं, आणि इस्पितळातले झाडून सगळे रुग्ण, गुडघेदुखीवाले, खोकलेवाले, डोळ्यांना पट्टी बांधलेले, दातांच्या डॉक्टरच्या दाराशी जमा झाले. दातांचा डॉक्टर म्हणे खिडकीतून डोकावून परत आत गेला. दोघंही म्हणत होते, मला काय माहीत हा पण त्याच वेळी करणार आहे ते. आणि दोघंही खरंच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी ताईने मला पिशवीतून काढून लांब टेबलावर ठेवलं आणि नियम सांगितला. ज्याच्या हातात लाटणं, त्यानेच लाइव्ह करायचं. बाकीच्यांनी हात बांधून बसायचं. लाटणं घेतलेल्याने आपण काय करतोय हे शेजारच्याला मोठ्याने सांगायचं. आणि एवढं ऐकून कुणाला शंका आली, तर त्याने लाटणं मागून घ्यायचं. ते त्याच्याकडे असेपर्यंत काम थांबलं. कुणीही थांबवलं, तरी त्याबद्दल त्याला रागवायचं नाही.

"आणि उगीचच थांबवलं तर?" एक्सप्रेसने विचारलं.

"तर उगीच थांबू," ताई म्हणाली. "चहा घेऊ."

सुरुवातीला थट्टा झालीच. पण बघता बघता त्यांचं माझ्यावाचून पान हलेना. "लाटणं कुठंय?", "लाटणं झालं का तुझं?", "ए, लाटणं अडवून बसू नकोस," असं दिवसभर चालायचं. शंकासुराने तर मला सगळ्यांत जास्त वेळा मागून घेतलं. हा टेस्टिंग करणारा माणूस. दुसऱ्याचं काम कुठे मोडेल ते आधीच शोधून काढणं हीच त्याची नोकरी, आणि मला वाटतं नोकरी नसती तरी त्याने तेच केलं असतं. समोरच्याचं सांगून झालं की तो मान तिरकी करून विचारायचा, "बरं. आणि नाही चाललं तर?" या एका प्रश्नाने त्या खोलीतल्या किती फजित्या वाचवल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही. जे घडलं नाही त्याची आठवण कोण ठेवतो.

नव्या माणसाला शिकवायची ताईची पद्धत मात्र मला फार आवडायची. पहिल्या आठवड्यात नव्याने एक ओळ कोड लिहायचा नाही. त्याने नुसतं ऐकायचं, आणि आठवडा संपायच्या आत कुणाला तरी एकदा थांबवायचंच. कारण नसलं तरी चालेल. कॉलेजातून पहिला नंबर काढून आलेली मुलं या कामाला घाबरायची. कोड लिहायला सांगा, एका दमात लिहितील, पण मोठ्या माणसासमोर हात पुढे करून "लाटणं द्या" म्हणायला त्यांची जीभ रेटायची नाही. त्यांच्या तळहाताचा घाम मला कळायचा. एकदा ते म्हणून झालं की मात्र ती मुलं त्या खोलीतली होऊन जायची.

त्या दिवसांत माझ्यावरून गंमतीही झाल्या. एक्सप्रेस एकदा घाईत मला बॅगेत घालून घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तापाने पडला. इकडे सगळं ऑफिस हात बांधून बसलं. शेवटी त्याची बायको मला घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "पगार देता तो पुरे, आता लाटायलाही लावता का याला?" त्या दिवशी खोलीत सगळे पोट धरून हसले होते. मला ते दिवस आठवतात आणि बरं वाटतं.

मग ताईला एका कॉलेजात हेच सॉफ्टवेअरचं काम शिकवायला बोलावलं आणि ती गेली. जाताना तिने मला उचललं, गाठीवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा टेबलावर ठेवलं. "हे इथलंच आहे," एवढंच म्हणाली.

तिच्या जागी साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी एक नवी व्यवस्था आणली. आता सगळ्यांचं काम आपोआप रांगेत लागायचं, एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याचं पुढे सरकायचंच नाही. खरं सांगतो, रांग लावायचं काम ती व्यवस्था माझ्यापेक्षा चांगलं करत होती. ती कधी कुणाच्या बॅगेतून घरी गेली नाही. मग माझी गरज काय? मीटिंगच्या खोलीचं दार आपलं आपण बंद व्हायचं, म्हणून कुणीतरी मला बिजागरीच्या फटीत अडकवलं. तिथे मी राहिलो. दाराने दाबून दाबून माझ्या अंगाला खाच पडली.

दाराशी असल्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं. लाइव्ह करण्याआधी साहेब विचारायचे, "सगळं ठीक?" आणि सगळे म्हणायचे, "हो." शंकासुरसुद्धा. एकदोनदा त्याने त्याचा तो प्रश्न विचारून पाहिला होता, पण साहेब म्हणाले, "अडचणी नकोत, उपाय सांगा," आणि तो पुढे विचारायचा बंद झाला.

अशात नवी आली. सगळ्यांत शेवटी आली म्हणून तिचं नाव नवी पडलं. कामाला चोख, बोलायला मुखदुर्बळ. तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती, आणि ते साहेबांच्या हातात होतं. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याशेजारी भिंतीला टेकून आईला फोन करायची. पलीकडून रोज तोच प्रश्न यायचा, "झाली का गं पक्की?" आणि ही म्हणायची, "होईल गं आई, तू नको घोर लावून घेऊ." फोन ठेवला की थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहायची. एकदा तिने शंकासुराला विचारलं, हे लाटणं इथे कसं काय? त्याने सगळं सांगितलं. ताई, दातांचा डॉक्टर, पहिला आठवडा, सगळं.

"म्हणजे कुणीही थांबवू शकायचं?" नवीने विचारलं.

"कुणीही. आता ते नुसतं दार थांबवतं," शंकासुर म्हणाला आणि चहा घ्यायला गेला.

पुढच्या महिन्यात मोठं काम लाइव्ह व्हायचं होतं. लहान मुलांच्या वॉर्डातली औषधं. मुलाचं वजन भरायचं, की किती औषध द्यायचं ते सॉफ्टवेअर सांगणार. नर्स त्याप्रमाणे देणार. इस्पितळातून तिथल्या मुख्य सिस्टर स्वतः आल्या होत्या आणि बाहेर पाहुण्यांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. आत मीटिंग सुरू झाली. साहेबांनी विचारलं, "सगळं ठीक?" सगळे म्हणाले, हो.

नवी काही म्हणाली नाही. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. आदल्या दिवशी तिने एका मुलाचं वजन बदलून पाहिलं होतं, आणि एका औषधाचा आकडा जसाच्या तसा राहिला होता. का, ते तिला कळलं नव्हतं. आपलंच चुकलं असेल, असं तिला वाटत होतं. बोलावं तर नोकरी, न बोलावं तर ती मुलं.

साहेब म्हणाले, "चला मग, करा लाइव्ह."

नवी उठली. बाहेर चालली असं सगळ्यांना वाटलं. पण तिने वाकून मला फटीतून ओढून काढलं, आणि दार तिच्या मागे धाडकन बंद झालं. सगळ्या माना वळल्या. ती मला दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. तळहात घामाने ओले.

एक्सप्रेसने कीबोर्डवरून हात उचलले. सवयच होती ती, इतक्या वर्षांनीही गेली नव्हती. शंकासुर खुर्चीत ताठ बसला आणि मान तिरकी करून हळूच म्हणाला, "सांग गं. नाही चाललं तर?"

मग तिने सांगितलं. सगळी सकाळ शोधाशोध झाली. एक्सप्रेसने कोड खालून वर, वरून खाली वाचला. वजन बदललं की बाकी औषधांचे आकडे बदलत होते, त्या एकाचा तेवढा बदलत नव्हता. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा कुणाला तरी बाहेर बसलेल्या सिस्टर आठवल्या. त्यांना आत बोलावून पडदा दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं.

"हे औषध आम्ही वजनावर देत नाही, वयावर देतो. तुम्हाला तसंच लिहून दिलं होतं. बरोबर आहे हे."

म्हणजे चूक नव्हतीच. सॉफ्टवेअर बरोबर होतं आणि नवीला औषधांतलं माहीत नव्हतं. ज्या नर्सना हे शिकवून ठेवलं होतं त्यांची वॉर्डातली पाळी आता संपली होती, त्यामुळे त्या दिवशी लाइव्ह करणं राहिलंच. वर फोन करून तसं सांगताना साहेबांचे कान लाल झाले होते. नवी मला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसली होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या गाठीवर पडलं. मित्रांनो, आम्ही लाकडं गोष्टी मनाला लावून घेत नाही असं मी म्हणालो खरं, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

सिस्टर निघताना तिच्यापाशी थांबल्या. साहेबांना म्हणाल्या, "हिला रागावू नका हं. आमच्याकडे सुई टोचताना शेजारची थांब म्हणाली की हात थांबतो. निम्म्या वेळा काहीच नसतं. पण त्यावरून तिला बोललं, की ती पुन्हा कधी थांब म्हणत नाही. मग आमचं कसं व्हायचं?"

दुसऱ्या दिवशी काम लाइव्ह झालं आणि सुरळीत चाललं. आठवड्याने त्यांनी नवीला बोलावलं. मीटिंगनंतर त्यांनी मला नेऊन आपल्या टेबलावर ठेवलं होतं, तिथेच मी होतो.

"नोकरी पक्की केली आहे," साहेब म्हणाले. "फक्त पुढच्या वेळी आधी विचारत जा, मग थांबव."

नवी दोन पावलं दाराकडे गेली आणि परत फिरली. "साहेब, आधी थांबवते आणि मग विचारते. चालेल?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चालेल," ते म्हणाले.

मी पुन्हा लांब टेबलावर आलो. रांग लावायचं काम ती व्यवस्थाच करते, आणि मी नुसता पडून असतो. दाराला लाकडाची पाचर ठोकली आहे. परवा पुन्हा मोठं काम लाइव्ह व्हायचं होतं. सगळे हो म्हणाले होते, तारीख खुद्द साहेबांनी दिली होती. एक्सप्रेसची बोटं कीबोर्डवर टेकली, तेवढ्यात एक हात पुढे आला आणि मला उचललं. तळहात घामाने ओला होता. मला वाटलं, आला कुणी नवा मुलगा.

ते साहेब होते. "थांबा," ते म्हणाले. "मी हो म्हणालो खरा, पण यातलं मला नीट कळलेलं नाही."

कुणी हसलं नाही. नवीने खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली आणि विचारलं, "कुठपर्यंत कळलंय, साहेब?"

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी तुम्हाला म्हणणार नाही. मला अधूनमधून बोटभर तेल मिळालं तरी पुष्कळ झालं. पण उद्या तुम्ही कुठेतरी मोठे व्हाल, आणि तुमच्या चाललेल्या कामात कुणी घाबरत घाबरत थांबा म्हणेल. ते बहुतेक वेळा चुकलेलं असेल. तेव्हा एवढंच करा, कीबोर्डवरचे हात उचला, त्याला बसायला खुर्ची द्या आणि त्याचं सांगून होऊ द्या. चहा नंतर घेता येईल.