कापड बेतायच्या फळीची गिटार

कर्र… कर्र… कर्र… सागवानावर सरकत जाणाऱ्या कात्रीचा आवाज. मला आठवणारा पहिला आवाज हाच.

मी आता विजेवर वाजणारी गिटार आहे, पण माझा निम्म्याहून जास्त जन्म फळी म्हणून गेला. नांदेडच्या इतवाऱ्यात खाजामियां सुतारांनी नव्या संसारात बायकोला, वहिदाबींना, कापड बेतायला चांगली जाड फळी करून दिली. ती मी. गल्लीतल्या बायकांचे झंपर, पोरींचे सलवार-कमीज माझ्यावर बेतले गेले. खडूच्या रेघा रोज पुसल्या जायच्या. कात्रीच्या टोकाचे ओरखडे तेवढे राहिले.

त्यांचा बिलाल लहानपणी माझ्या एका कडेला कान टेकवून झोपायचा. कात्री चालली की त्याला आतून ऐकू यायचं. "अम्मी, फळी बाताँ करती," म्हणायचा.

माणसं माणसावर रागावतात आणि हात वस्तूवर टाकतात. बिलालनं विष्णुपुरीचं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सोडलं आणि गिटार घेऊन बसला. खाजामियां भांडले नाहीत. एके दुपारी पोरगा बाहेर गेलेला बघून त्यांनी ती गिटार भंगाराच्या गाड्यावर नेऊन ठेवली. बिलाल हैदराबादला निघून गेला. तिथं हॉटेलात वाजवायचा. अम्मीला फोन करायचा, बापाला कधीच नाही. दोन वर्षांपूर्वी वहिदाबी गेल्या तेव्हा मातीला आला आणि त्याच दिवशी परतला.

त्यानंतर खाजामियांना गिटारी बनवायचा नाद लागला. गिऱ्हाईक नाही, ऑर्डर नाही, नुसता नाद. रंधा मारता मारता ते पुटपुटायचे, "अम्मीच्या बरसीला येईल. हातात दिली तर एक शब्द तरी बोलेल."

लातूरला दिलेल्या लेकीनं, कहकशांनं, मोबाईलवर भावाचा एक फोटो पाठवला होता. गळ्यात गिटार, एका हातात मोबाईल. त्यावरूनच सगळी मापं निघाली.

पहिली आंब्याच्या लाकडाची. उन्हाळ्यात तिची मान धनुष्यासारखी वाकली. दुसरीच्या मानेवर खाजामियांनी पट्टी लावून सारख्या अंतरावर सुरांचे आडवे धातूचे पडदे बसवले, खिडकीचे गज बसवावेत तसे. एक सूर जागेवर लागेना. पडदे खाली जवळ जवळ येत जातात, हे फोटो मोठा करून बघितल्यावर त्यांना कळलं.

तिसरीला मुरलेलं लाकूड पाहिजे होतं. घरात तसं एकच होतं. खाजामियां बराच वेळ माझ्यावर हात ठेवून बसले. "पोरासाठीच हाय, वहिदा," एवढं म्हणाले आणि करवत लावली.

दुखलं. पण बिलालसाठी कापून घेताना कुरकुर कशी करणार? पाठीवरचे ओरखडे त्यांनी रंधून काढले नाहीत.

वायरी जोडायला शेजारचा रेडिओवाला दयानंद आला. मला उलटीसुलटी करून म्हणाला, "खाजाभाई, ह्ये वाजवायचं हाय का यानं चेंडू मारायचा?"

"तू तुझं सोल्डर बघ. तोंडानं धूर नको काढू."

"पोराला सांगितलंव का?"

"न्हाई. आल्यावर बघंल."

वायर लावून आवाजाच्या डब्याला जोडलं नाही तर माझा आवाज समोरच्यालाही जेमतेम पोचतो. खाजामियां मला रात्रंदिवस जवळ ठेवायचे. एक तार छेडायचे, पाठीला कान लावायचे आणि मान डोलवायचे.

आज मी भिंतीवर खिळ्याला आहे. तारांवर गंज चढतो आहे. रंधा आणि पटाशी गोणपाटात बांधून माळ्यावर गेली. खाजामियां माझ्याकडे पाठ करून बसतात. कुणी या घरी आलात तर माझं एकच मागणं आहे. वायर नको, डबा नको. माझ्या पाठीला एकदा कान लावा.

झालं ते असं. वहिदाबींच्या दुसऱ्या बरसीला बिलाल आला. जेवणं झाली. त्यानं घरभर नजर फिरवली.

"अब्बा," किती वर्षांनी तो हा शब्द बोलला, "अम्मी की फळी कां है? मैं खोली लिया. लेके जाता."

खाजामियां हसले. चादरीतून काढून त्यांनी मला त्याच्या हातात दिलं. "येच है बेटा. तेरे वास्ते बनाया."

बिलालचा अंगठा पाठीवरच्या ओरखड्यांवरून फिरला. त्यानं मला ओळखलं. पट्टा गळ्यात घातला. डावा हात सवयीनं मानेकडे गेला, पण माझी मान उजवीकडे होती. त्यानं मला फिरवलं, तर बटणं त्याच्या हाताखाली आली आणि जाड तार बारकीच्या जागी.

"ये डावे हात की हुई, अब्बा."

खाजामियांनी घाईनं मोबाईल काढला. "देख ना, तू ऐसीच पकड्या."

बिलालनं फोटो बघितला. "ये आईने में का है."

दोन वर्षं खाजामियांनी आरशातलं पोरगं मापलं होतं.

"तारा बदलता मैं," ते म्हणाले. तारा बदलल्या तरी माझं अंग उलटंच राहणार, हे त्यांनाही माहीत होतं. मग म्हणाले, "दुसरी बनाता." आणि माझी जागा होती त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

बिलालनं मला चटईवर पालथं ठेवलं. जिथं कान टेकवायचा त्या कडेवर तळवा ठेवून थोडा वेळ बसला. आता वाकेल, कान लावेल, असं मला वाटलं.

तो उठला, चपला घातल्या आणि गल्लीतून निघून गेला.