टोकाला गेलेली चकती

लागोपाठ दोन लग्नांचे फोटो धूसर आले, तेव्हा फोटोग्राफरने सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडलं. विटेसारखा जड, धुळीपाण्याला दाद न देणारा तो जुना कॅमेरा त्याने दुरुस्तीवालीपुढे ठेवला. लेन्स हातानेच फिरवायची त्याची सवय. "याचा फोकस गेलाय," तो म्हणाला.

तिने ऑटोफोकस लावून भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला. पडद्यावर बारीक अक्षरही लख्ख दिसत होतं. मग तिने व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि दचकून मागे घेतला; आत सगळं धूसर होतं. शेजारची, डोळ्यांच्या नंबरानुसार जुळवायची चकती पार टोकाला गेली होती.

"काका, कॅमेरा ठणठणीत आहे," ती हळूच म्हणाली. "डोळे कधी दाखवलेत?"

 कित्येक महिने तो ती चकती थोडी थोडी फिरवत, स्वतःची समजूत घालत आला होता.

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाली?"

सुटे भाग मिळत नाहीत, असं सांगायचं त्याने वाटेत ठरवलं होतं. पण तिच्याकडे पाहिलं, तर तिचाही चेहरा धूसरच दिसला.

"मला नीट दिसत नाहीये गं," तो म्हणाला. "उद्या डॉक्टरकडे येशील?"

"उद्या कशाला?" म्हणत तिने चपला घातल्या.