मानेवरची काळी रेघ

"पाळी वेळेवर येते का?" डॉक्टर सारिका मॅडमनी विचारलं आणि म्हस्कू कोळपे शॉक लागल्यासारखा खुर्चीतून उठला.

तसे शॉक त्याला नवे नव्हते. निमोण्याच्या पंचक्रोशीतल्या विहिरींच्या आणि बोअरच्या मोटरी दुरुस्त करण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. पण हा प्रश्न त्याच्या लेकीला, त्याच्यासमोर विचारला गेला होता.

"मी भाईर थांबतो," तो दाराकडे वळत म्हणाला.

"बसा की पप्पा," अपेक्षा म्हणाली. "मॅडम काय सांगतील ते एकटीच्या ध्यानात राहनार न्हाई माझ्या."

तिच्या आवाजातली भीती त्याला ओळखू आली. तो बसला. खरं तर त्याची बायको सुषमाच लेकीबरोबर यायची होती, पण कांदा काढायला बायका लावल्या होत्या, आणि शिरूरच्या त्वचारोगतज्ज्ञांची वेळ पुन्हा महिनाभर मिळणार नव्हती.

"दोन-दोन, तीन-तीन महिने येत न्हाई," अपेक्षानं सांगितलं. म्हस्कूनं भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सगळ्या चतुर्थ्या वाचून काढल्या.

अपेक्षा एकोणीस वर्षांची. शिरूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. दीड वर्षापासून तिच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं मोठमोठे, ठणकणारे मुरूम येत होते. हळद झाली, मुलतानी माती झाली. कुणीतरी उष्णता आहे म्हणालं, तर सुषमा सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा गुलकंद चारू लागली. मैत्रिणीनं दिलेल्या कसल्याशा क्रीमनं आठ दिवस चेहरा उजळला आणि नंतर भाजल्यासारखा लाल झाला. दिवाळीपासून तिनं कॉलेजला जाणंच सोडलं. विचारलं की म्हणायची, "घरीच अभ्यास करते."

एका दुपारी म्हस्कू विसरलेला पाना न्यायला घरी आला. अपेक्षा आरशाकडे पाठ करून वेणी घालत होती. पाना घेतला, रस्त्याला लागला आणि फाट्यावर गाडी थांबवून दवाखान्याला फोन लावला.

आता मॅडमनी अपेक्षाची वेणी बाजूला केली. मानेवर मखमलीसारखी जाड, काळी रेघ होती.

"आई दगडानं घासती रोज," अपेक्षा कसनुशी हसली. "म्हनती, अंघोळ नीट करत न्हाईस."

"हा मळ नाही. घासू नका आणि ते क्रीमही बंद." मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी म्हस्कूकडे पाहिलं. "काका, जरा कॉलर खाली करता?"

"माझी? मला कुठं पुटकुळ्या हायत मॅडम?"

"करा तर खरं."

त्याच्या मानेवरही तीच रेघ होती, लेकीपेक्षा दुप्पट जाड. ती उन्हानं आली आहे असं तो इतकी वर्षं समजत होता.

"उद्या दोघंही उपाशीपोटी रक्त द्या," मॅडम म्हणाल्या.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. अपेक्षाची साखर ठीक होती, पण इन्सुलिन भलतंच वाढलेलं होतं. म्हस्कूची उपाशीपोटीची साखर शंभराच्या जागी दोनशे बासष्ट.

"इन्सुलिन हे हार्मोन रक्तातली साखर पेशींच्या आत पोचवतं," मॅडमनी समजावलं. "हिच्या पेशी त्याचं नीट ऐकत नाहीत, म्हणून शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. त्या जादा इन्सुलिनमुळे पुरुषी हार्मोन वाढतं. मग पाळी चुकते आणि चेहऱ्यावरच्या तेलाच्या ग्रंथी जोरात चालतात. मानेवरची ती रेघही जादा इन्सुलिनचीच खूण. प्रत्येकाच्या मुरमांचं कारण हेच असतं असं नाही. हिचं मात्र आहे."

म्हस्कूनं रिपोर्टवर बोट टेकवलं. मग म्हणाला, "म्हंजी पंप जाम झाला की मोटर जादा लोड घेती, तसं?"

"साधारण तसंच."

"आन् माझी?"

"तुमची मोटर लोड घेऊन घेऊन दमलीय, काका."

तो हसला. मग हसणं हळूहळू विरलं. "म्हंजी हे माझ्याकडनंच गेलं तिला?"

"काही अंशी घराण्यातून येतं. पण त्यात तुमचा काय गुन्हा? उलट हिच्या चेहऱ्यामुळे तुमची साखर सापडली. आणखी दोन वर्षं कळलं नसतं, तर डोळे नाहीतर पाय गमावून बसला असता."

दोघं गाडीवरून परत निघाले. न्हावरा फाटा मागे पडल्यावर अपेक्षा मागून म्हणाली, "पप्पा, लहानपनी सगळी म्हनायची, पोरगी बापावर गेलीया. बघा, रिपोर्टात बी आलं."

म्हस्कूला हसू फुटलं. गाडी जराशी डुलली, तशी ती ओरडली, "म्होरं बघा!"

घरी मात्र रडारड झाली. सुषमानं गुलकंदाची बरणी मांडीवर घेतली आणि पदर डोळ्यांना लावला. "मीच चारला गं माझ्या हातानं."

"आगं, औषध म्हनून चारलास. इख म्हनून का?" म्हस्कू म्हणाला. "आता चहा कर. बिनसाखरेचा."

"तसला चहा जनावरं तरी पितील का?"

"जनावरांस्नी चहा न्हाई लागत. आपल्यालाच लागतोय."

दुसऱ्या दिवसापासून बापलेक पहाटे गावच्या फाट्यापर्यंत चालू लागले. गोळ्या होत्या, तिला लावायला जेल होतं. पण मॅडमनी चालण्यावर आणि ताटातल्या भातावर जास्त जोर दिला होता. पहिल्याच आठवड्यात मारुतरावांनी फटफटी आडवी घातली. गावातले मोठे बागायतदार ते. ऊस तोडीला आलेला, त्यामुळे घाईत होते, तरी थांबले.

"म्हस्कू, कुनी गेलं का काय? येवढ्या झपाझपा कुठं निघाला?"

"न्हाई मालक. साखर जाळतोय."

"आसं समद्यांनी साखर सोडल्यावर आपला ऊस कोन घील रं?" मारुतराव गडगडाटी हसले आणि निघून गेले.

गुण मात्र लवकर दिसेना. महिनाभरात उलट जास्तच मुरूम आले. अपेक्षानं जेलची ट्यूब भिरकावली, ती चुलीमागे जाऊन पडली. म्हस्कूनं ती शोधली, पुसली आणि तिच्यासमोर ठेवली.

"नव्या बोअरला मोटर सोडली की पयलं पानी कसं येतं?"

"गढूळ."

"मग? तवा मी मोटर बंद करतो का?"

मार्चच्या शेवटी एका सकाळी तो अंगणात बेअरिंगला ग्रीस लावत होता. आतून अपेक्षाचा आवाज आला, "पप्पा, आली! लागोपाठ दुसऱ्या महिन्याला, टायमाला!"

सुषमानं दचकून तोंडावर हात ठेवला. शेजारची सोजराबाई कुंपणापलीकडं भांडी घासत होती, तिचे हात थांबले. म्हस्कूनं मान वर केली नाही. "बरं झालं," तो म्हणाला आणि ग्रीस लावत राहिला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

एप्रिलमध्ये अपेक्षा परीक्षेला बसली. नवे मुरूम थांबले होते. वण राहिले, काही खोल. ते पूर्ण जाणार नाहीत, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं.

मे महिन्यात दौंडला म्हस्कूच्या थोरल्या बहिणीच्या, साखरबाईच्या मुलाचं लग्न होतं. मंगल कार्यालयात जेवणावळी चालू होत्या. बायकांच्या पंगतीत साखरबाई जिलेबी वाढत आली आणि अपेक्षापुढे थबकली.

"आगं बया! तोंडावर किती वन पडलेत गं! आता पाव्हनं यायला लागतील, त्यास्नी काय दावायचं?"

आजूबाजूच्या बायकांचे घास थांबले. पुरुषांच्या पंगतीतून म्हस्कू अर्धवट उठला, हातातला घास तसाच.

अपेक्षानं जिलेबीवर हात आडवा धरला. मग आत्याकडे नीट बघत म्हणाली, "आत्या, जरा खाली वाकता का? तुमची मान बघू द्या."

"मान? ती कशाला?"

पण ती वाकली. अपेक्षानं पदर बाजूला केला. "हे घासून जात न्हाई ना?"

"न्हाई गं. कितींदा घासलं."

"मळ न्हाई हा. उद्या सकाळी चहाच्या आधी रक्त तपासून या. साखर बघा."

साखरबाईनं जिलेबीचं ताट खाली ठेवलं. तिचा आवाज एकदम उतरला. "मला सारखी तहान लागती. चार महिनं झालं. त्ये बी ह्याच्यातच येतं का गं?"

"येतं, आत्या. म्हनूनच लवकर जा. मी येऊ का संगट?"

शेजारच्या बाईनं आपली वेणी पुढे घेतली. "माझी बी बघ की." तिच्यामागून तिची सून पुढे सरकली, तिच्या हनुवटीवर मुरमांची ओळ होती. म्हस्कू पुन्हा खाली बसला आणि हातातला घास त्यानं सावकाश खाल्ला.

चार वाजता तो गाडीपाशी येऊन थांबला. निघायचं तीनला ठरलं होतं. मांडव उतरायला लागला, वाजंत्री टेम्पोत बसले. साखरबाईचे यजमान हरिबा पानाचा विडा घेऊन बाहेर आले.

"काय पाव्हनं, ऊन खात हुबं? कुनाची वाट बघताय?"

म्हस्कूनं आत पाहिलं. बायकांचा घोळका अजून हलला नव्हता. त्यानं गाडीची किल्ली काढून खिशात टाकली आणि पायरीवर ऐसपैस बसला.

"लेकीची," तो म्हणाला. "आत पेशंट तपासतीया."