मंगळवार म्हणाला होतास

मित्रांनो, मला स्वस्थ पडून राहता येत नाही. आत्ता हे सांगतानाही माझा जीव थाऱ्यावर नाही. मी सात इंचांची काळी तबकडी आहे. दोन बाजू, दोन गाणी आणि मधोमध एक मोठं भोक. फिरायला लागले की मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेते. पण गेल्या चाळीस वर्षांत मला फिरवलंय कोणी? मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

माझा जन्म डेट्रॉइट शहरात झाला, १९७३च्या फेब्रुवारीत. बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि कारखान्यात माणसं घामाने निथळत होती. प्लास्टिकचा गरम काळा गोळा साच्यात ठेवायचा, वर-खाली कागदी लेबलं लावायची आणि यंत्र दाबायचं. वाफेचा फुस्स आवाज व्हायचा, की आमच्यापैकी एक जन्माला यायची. मला साच्यातून ज्या हातांनी काढलं ते व्हर्लीन गॅस्किन्सचे होते. एकतीस वर्षांची, उंच, रुंद खांद्यांची ही बाई दिवसाला हजारभर तबकड्या काढायची आणि एकीकडेही नीट पाहायची नाही. मला मात्र तिने उजेडात धरलं, नाक मुरडलं आणि मुकादमाला विचारलं, "एक घरी नेऊ का? आईसाठी."

"तुझ्याच बहिणीचं गाणं ना? ने की!" मुकादम म्हणाला. "चौकट करून भिंतीवर लाव."

"भिंतीवर लावून काय करू? तिला घरात आणायचंय," व्हर्लीन म्हणाली आणि मला कोटाच्या आत सरकवलं.

माझ्या लेबलवर नाव होतं लमार स्टोव्हॉल या गायकाचं. पण लोक ज्या आवाजासाठी रस्त्यात थबकायचे तो व्हर्लीनच्या धाकट्या बहिणीचा, अर्नेस्टीनचा होता. गाण्यात लमार उशीर झाल्याच्या शंभर सबबी सांगतो. दर वेळी अर्नेस्टीन मध्येच त्याला अडवते:

तू मंगळवार म्हणाला होतास,
आज शुक्रवारही उलटला.
जेवण गार झालं रे,
राग काही गार झाला नाही.

त्या वर्षांची गाणीच तशी होती, मित्रांनो. खाली व्हायोलिनं वाजत असायची, वर कोणाचं तरी काळीज तुटत असायचं आणि मध्ये असा ठेका, की काळीज तुटलेल्याचेही पाय हलायचे. मार्चपर्यंत मी शहरभर झाले. न्हाव्याच्या दुकानात मी, चाकांचे बूट घालून नाचायच्या हॉलमध्ये मी, सिग्नलला थांबलेल्या प्रत्येक गाडीत मी. म्हणजे माझ्या लाखभर बहिणी. बिचाऱ्या व्हर्लीनची मात्र सुटका नव्हती. आठ तास ती धाकटीचं गाणं साच्यातून काढायची आणि बाहेर पडली की तोच आवाज खिडक्याखिडक्यांतून तिच्या पाठी लागायचा. ती कोटाची कॉलर कानांवर ओढून भरभर चालायची.

तिला राग होता आणि तो उगाच नव्हता. जानेवारीत त्यांच्या आईला, ल्युसिंडाबाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. चर्चच्या गायकवृंदात तीस वर्षं पहिल्या रांगेत उभी राहिलेली बाई खुर्चीत मुकी बसली. त्याच आठवड्यात अर्नेस्टीन लमारच्या मंडळींबरोबर गावोगावच्या दौऱ्यावर निघून गेली. ईस्टरपर्यंत परत येते, असं म्हणाली. फोनवर.

मला घरी आणलं त्या दिवशी व्हर्लीनने मला ग्रामोफोनवर लावलं आणि ती भांडी घासायला निघून गेली. तिला ऐकायचं नव्हतंच. मी फिरत होते. ल्युसिंडाबाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. अर्नेस्टीनची ओळ आली तसे त्यांचे ओठ हलले.

"मंगळवार," त्या म्हणाल्या.

आतून ताट पडल्याचा आवाज आला. व्हर्लीन ओल्या हातांनी धावत आली. "काय म्हणालीस? आई, काय म्हणालीस?"

"मंगळवार."

पाच आठवड्यांतला तो पहिला शब्द होता. व्हर्लीनने सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. मग पुन्हा, आणि पुन्हा. त्या दिवसापासून मला उसंत मिळाली नाही. दिवसाला वीस-वीस, तीस-तीस वेळा मी वाजायचे. ज्या आवाजाचा तिला संताप यायचा तोच व्हर्लीनला रोज लावावा लागायचा, कारण आईची जीभ फक्त त्याच्याच मागे चालायची. महिन्याभरात ल्युसिंडाबाई पहिल्या दोन ओळी पूर्ण म्हणू लागल्या. तिसऱ्या ओळीशी मात्र घोडं अडायचं. आणि गाणं नसताना बोलायला एकच शब्द उरायचा.

"आई, मंगळवार म्हणजे पाणी की उशी?"

"मंगळवार."

"बरं, दोन्ही आणते."

शेजारी राहणारे, चर्चमध्ये सेवेकरी असलेले म्हातारे डीकन प्रूइट दर रविवारी चर्चनंतर मक्याची भाकरी आणि शिजवलेली पालेभाजी घेऊन यायचे. टोपी काढून विचारायचे, "सिस्टर ल्युसिंडा, कशा आहात?"

"मंगळवार."

"आज रविवार आहे, सिस्टर."

"मंगळवार!"

"तुम्ही म्हणाल तो वार," डीकन घाईघाईने म्हणायचे आणि खुर्ची ओढून बसायचे. ल्युसिंडाबाईंचा वाकडा ओठ तेव्हा हसायचा.

ईस्टर आला आणि गेला. अर्नेस्टीन आली नाही. आला तो तिचा फोन, तोही तीन रविवारांनंतर. घरात शांतता होती, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"व्हर्ली, अगं टीव्हीवर बोलावलंय! टीव्हीवर! अजून दोन आठवडे दे मला."

"ईस्टर म्हणाली होतीस."

"माहितीय गं. आई कशी आहे?"

"रोज तुला ऐकते."

"मग बरं आहे की."

व्हर्लीनने फोनची वायर आईच्या खुर्चीपर्यंत ओढली. मग म्हणाली, "कसं बरं आहे ते ऐक." तिने मला लावलं नाही. फोन आईच्या तोंडाशी धरला आणि हळूच ठेका धरला, खुर्चीच्या दांड्यावर, दोन बोटांनी. ल्युसिंडाबाईंनी डोळे मिटले आणि त्या अडखळत, घोगऱ्या आवाजात गायल्या: तू मंगळवार म्हणाला होतास, आज शुक्रवारही उलटला.

व्हर्लीनने फोन ठेवून दिला.

अर्नेस्टीन गुरुवारी दुपारी आली. टॅक्सीतून उतरली, पायांत चंदेरी बूट, केसांचा मोठा थोरला फुगारा, हातात ट्रंक. व्हर्लीन कारखान्याच्या कपड्यांतच दारात उभी होती. ती बाजूला सरकली नाही.

"आत येऊ देतेस का?"

"टीव्हीवाले काय म्हणतील?"

"व्हर्ली, नको ना."

"चार महिने! तुझा आवाज मी रोज तव्यावरच्या धिरड्यासारखा काढतेय. तो हजार वेळा घरी आला, तू एकदा नाही आलीस. पळालीस तू."

अर्नेस्टीनने ट्रंक खाली ठेवली. "आले होते," ती म्हणाली. "जानेवारीत, दवाखान्यात. खोलीच्या दारापर्यंत आले होते. तिचं तोंड पाहिलं आणि पाय मागे फिरले. मला नाही बघवलं, व्हर्ली."

"आणि मला बघवत होतं? मी रोज पुसते ते तोंड."

आतून ल्युसिंडाबाईंचा आवाज आला, "मंगळवार!" हा पाण्याचा नव्हता आणि उशीचाही नव्हता. व्हर्लीन बाजूला झाली.

अर्नेस्टीन आईच्या पायांशी बसली, तिचा लुळा हात मांडीवर घेतला. मग उठून तिने मला लावलं. मित्रांनो, मी जीव एकवटून फिरू लागले. पण तीन महिन्यांत माझी खाच झिजून गेली होती. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिसरीच्या तोंडावर सुई अडकली. जेवण गार, जेवण गार, जेवण गार. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

व्हर्लीनने सुई उचलली. आणि त्या शांततेत ल्युसिंडाबाई एकट्या पुढे निघाल्या. अडलेली तिसरी ओळ म्हणाल्या. रागाची चौथी म्हणाल्या. मग थांबून, अर्नेस्टीनच्या तोंडाकडे पाहत, गाण्याच्या अगदी शेवटी एकदाच येते ती ओळही त्यांनी म्हटली, जी त्यांनी आजवर कधीच उच्चारली नव्हती:

ये, ताट अजून उचललेलं नाही.

अर्नेस्टीनने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. तेव्हा मागून व्हर्लीन गायला लागली. ज्या गाण्याने तिला तीन महिने पळवलं ते तिला अक्षरन् अक्षर पाठ होतं. जरा वेळाने अर्नेस्टीनही मिसळली. मी शेजारी पडून होते. त्या दिवशी त्यांना माझी गरज लागली नाही.

अर्नेस्टीन दौऱ्यावर परत गेली नाही. टीव्हीवर तो कार्यक्रम लागला तेव्हा तिच्या जागी दुसरीच मुलगी उभी होती. ल्युसिंडाबाईंनी पडद्याकडे बोट केलं आणि ठासून सांगितलं, "मंगळवार नाही!" तिघी हसून हसून दमल्या. पण अर्नेस्टीनला कधी रुखरुख लागली नाही असं मी खोटं सांगणार नाही. तिला शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली, ती रविवारी चर्चमध्ये गायची. मात्र एखादी गाडी माझं गाणं वाजवत खिडकीखालून गेली, की ती हातातलं काम टाकून खिडकीशी जायची आणि आवाज विरेपर्यंत उभी राहायची. आई दोन वर्षं जगली. तेवढ्या काळात तिने चाळीसेक शब्द परत मिळवले, सगळे गाण्यांतून.

मग कॅसेटी आल्या, सीडीच्या चकत्या आल्या, आणि कारखान्याला कुलूप लागलं. मला त्या काळच्या इतर गाण्यांबरोबर खोक्यात घालून तळघरात ठेवलं. तिथे ओल होती. आम्ही एकमेकींच्या अंगाला चिकटून बसायचो. वरून पावलं वाजली की वाटायचं, आता आपल्याला नेतील. पावलं परत जायची. अशी वर्षांमागून वर्षं गेली.

गेल्या वर्षी चर्चच्या बायांनी जत्रेसाठी जुन्या तबकड्या गोळा केल्या; तळघरातलं आमचं खोकंही त्यात गेलं. ओव्हनमध्ये मऊ करून वाकवायच्या आणि त्यांचे वाडगे करायचे, खाऊ-बिऊ ठेवायला. ओव्हन तापला होता. मी टेबलावर वरून दुसरी होते. ब्याऐंशी वर्षांची व्हर्लीन काठी टेकत आली आणि तिने मला काढून घेतलं.

"ही नाही."

"मावशी, हिच्यावर नुसते ओरखडे आहेत. वाजतसुद्धा नसेल."

"नाहीच वाजत."

"बाजारात हिला कोणी चार आणेही देणार नाही. अशा लाखो आहेत."

"असू देत," व्हर्लीन म्हणाली. "तुम्ही त्या लाखोंचे वाडगे करा." आणि ती मला पदरात घेतल्यासारखी छातीशी धरून घरी घेऊन आली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला कडेने धरा, मऊ फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका. पण माझी खरी विनंती दुसरीच आहे. घरातल्या जुन्या माणसाजवळ बसा आणि हे गाणं तुम्ही कुठे ऐकलंत, कोणाबरोबर ऐकलंत, हे विचारा. ते सांगू शकतायत तोवर, आजच विचारा. मी कितीही फिरले तरी माझ्यात कोरलंय तेवढंच म्हणू शकते. त्याच्या पुढची ओळ फक्त माणसालाच म्हणता येते.