बारशाआधीची गुळणी

मित्रांनो, माझ्या लेबलावर आता एवढेच वाचता येते: ‘जंतूंचा नाश’. कोणत्या जंतूंचा, हे नवे असतानाही लिहिलेले नव्हते. मी गुळण्यांच्या औषधाची जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे.

माझा जन्म फिरोजाबादच्या भट्टीतला. पुढे एका कारखान्यात माझ्यात लालसर, झोंबणारे औषध भरले गेले आणि मी बनारसला आले. १९९६ च्या थंडीत पंचगंगा घाटावर पौरोहित्य करणाऱ्या यज्ञेश्वर गुरुजींनी मला घरी नेले. घसा बसला की ते मला शोधत आणि आवाज मोकळा झाला की माझे कौतुक करत. ते कौतुक मला आवडे, पण खरे वाटत नसे. घसा काय, नुसत्या गरम पाण्यानेही मोकळा होतो.

त्या घरात नुकतीच नात आली होती. दिवस भरण्याआधीच जन्मलेली; दूध पितानाही तिला धाप लागे. साधी सर्दीसुद्धा छातीत उतरेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिची आई नीरजा प्राणिशास्त्र शिकलेली. घरात येणाऱ्या प्रत्येकाकडे ती संशयाने पाही. माझ्याकडेही.

बारशासाठी बाळाची आत्या, प्रमोदिनी, जबलपूरहून आली ती नाक ओढतच. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. तिने पाळण्यात वाकायचे आणि बाळाच्या कानाशी ओठ नेऊन ‘कुर्रर्र’ करत नाव सांगायचे. या दिवसाची तिने फार वाट पाहिली होती.

बारशाच्या दिवशी गुरुजींनी मला लेकीच्या हातात दिले. त्या घरात चूळ भरली की तोंड शुद्ध झाले, मग मंत्र म्हणायलाही हरकत नसे. औषधाची चूळ तर त्याहून शुद्ध, असे ते धरून चालले.

प्रमोदिनीने खळखळून गुळण्या केल्या आणि तोंड उघडून दाखवले.

“बघ नीरजा, एकदम साफ. आता कुठला जुकाम लागतोय बाळाला?”

मला मात्र शंका होती. माझे औषध घशात क्षणभर फिरते आणि मोरीत जाते. नाकात किंवा छातीत ते पोहोचत नाही. तोंडातले विषाणू थोडा वेळ कमी होत असतीलही. पण त्यामुळे जवळचा माणूस आजारी पडायचा वाचतो का, हे कोणी पडताळल्याचे माझ्या ऐकण्यात नव्हते.

नीरजाने वाद घातला नाही. तिने हातआरसा आणून प्रमोदिनीच्या ओठांपाशी धरला आणि बाळाच्या कानात म्हणणार तसेच म्हणायला सांगितले. ‘कुर्रर्र’ होताच आरसा धुरकट झाला आणि त्यावर थुंकीचे बारीक ठिपके उमटले.

“वन्सं, यात आजार आहे की नाही, मला नाही सांगता येणार,” नीरजा म्हणाली. “त्या बाटलीलाही नाही. नाव तुम्हीच ठेवायचं, पण अंगणातून.”

“अंगणातून दूधवाला हाक मारतो. आत्या नाही.”

पाळण्यात बाळाची धाप ऐकू येत होती. प्रमोदिनीने ती ऐकली. मग तिने पदराने आरसा पुसला आणि अंगणाच्या पार टोकाला गेली.

“कुर्रर्र! कालिंदी!”

कानात सांगायचे नाव साऱ्या गल्लीने ऐकले. कालिंदी म्हणजे यमुनाच; खालच्या घाटावरून एक नावाडी ओरडला, “गंगा किनारे जमुना आयी है, गुरुजी!” गुरुजींनाही हसू आवरले नाही. नाव ठेवल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालायची पद्धत आहे. बारशाला आलेल्या बायकांनी अंगणात जाऊन ते जरा जोरातच घातले.

कालिंदी त्या थंडीत आजारी पडली नाही. अंतरामुळे की नशिबाने? एका बाळावरून ते ठरत नाही, म्हणून मीही ठरवत नाही. औषध संपल्यावर माझ्यात दिव्याचे तेल भरू लागले आणि नंतर माझी रवानगी माळ्यावर झाली.

मित्रांनो, मला खुशाल वापरा, पण माझ्या भरवशावर आजारी माणसाला तान्ह्या बाळावर वाकू देऊ नका. आणि ज्याला लांब थांबवाल, त्याला तिथूनही आपला आनंद साजरा करता येईल, असे काही करा.