शिंगराची सोय

डिचोलीच्या शाळेत चौथीचा वर्ग चालू असताना शिपाई येऊन सांगून गेला, की विमलाबाईंना फोन आहे, पेडण्याहून. पेडण्यात विमलाचं एकच माणूस होतं, तिचा धाकटा भाऊ कृष्णनाथ, आणि त्यानं आजवर तिला शाळेत कधी फोन केला नव्हता. खडूचे हात पदराला पुसत ती मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली.

फोनवर गोकुळदास होता. पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याला कृष्णनाथच्या शेजारी राहणारा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा.

"बाई, किसनाक काल बांबोळीच्या इस्पितळात नेलो," तो म्हणाला. "पायात खिळो गेल्लो, तो चिघळलो. साखर आसा ना तेका."

"पाय वाचेल ना?"

"तां डाक्टर सांगतले. पण दुसरी एक गोष्ट आसा." गोकुळदास घुटमळला. "शिंगरू. भाटकाराच्या पोरांनी माडांचा भाट विकल्यानी. सोमवारी गडी येतले आणि खोप मोडतले. आयतवारपर्यंत तेका खंय तरी हलवक व्हया. माझ्याकडे जागा नाय बाई. असती तर तुमका फोन केलो नसतंय."

तो गुरुवार होता. कृष्णनाथची खोली आणि शिंगराची खोप, दोन्ही जमीनमालकाच्या त्या माडांच्या बागेत होती, आणि रविवारपर्यंत तीनच दिवस उरले होते.

कृष्णनाथ पूर्वी खाणीवर टाइमकीपर होता. चांगल्या पगाराची नोकरी. तिशीत त्यानं ती सोडली आणि कोल्हापूरकडून एक पांढरी घोडी आणली. म्हापशापासून हरमलपर्यंत कुणाचीही वरात असो, घोडी कृष्णनाथची. आईनं त्या घोडीपायी अंथरूण धरलं असं विमलाचं मत होतं आणि ते तिनं एकदा त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. त्याची बायको लग्नानंतर चार वर्षांतच तापानं गेली, मूलबाळ नव्हतं. मग तो घोडीचाच झाला. विमलानं लग्न केलं नाही. आईचं आजारपण, घरभाडं, सगळं तिच्या पगारावर चाललं. भाऊ चतुर्थीला यायचा, जेवायचा, संध्याकाळच्या बसनं परत जायचा. गेल्या वर्षी घोडीनं शिंगराला जन्म दिला आणि या पावसाळ्यात ती पोटशूळ उठून मेली. शिंगरू उरलं. तेही आईसारखं पांढरं नव्हे, भाजलेल्या काजूच्या रंगाचं. वरातीला तपकिरी घोडा कोण घेतो? तरी कृष्णनाथनं ते ठेवलं आणि त्याचं नावच काजू ठेवलं.

त्या संध्याकाळी विमला बांबोळीला पोचली तेव्हा कृष्णनाथ भिंतीकडे तोंड करून पडला होता. पायावर पांढरा ढीगभर कापूस. शनिवारी गुडघ्याखाली पाय काढणार, असं डॉक्टरांनी तिला बाहेरच सांगितलं होतं. त्यालाही ते ठाऊक होतं. पण तो पायाबद्दल बोलला नाही.

"बाय, काजूचां काय ता बघ," तो म्हणाला.

"भाट विकल्याचां तुका कधीपासून म्हायत होता?"

"चवथीपासून."

"चवथीक तू माझ्या घरी जेवलंस. तेव्हा सांगूक काय झाला?"

"सांगून काय? तू रागावली असतीस." त्यानं भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. "रागावलीस तरी चलतला. पण तेका विकू नको. आणि तेच्या पाठसून जाव नको, समोरून जा. घाबारता तो."

तिनं शुक्रवारची रजा टाकली आणि पहिल्या बसनं पाळीला गेली. तिथं तिचा मावसभाऊ महादेव खाणीच्या गॅरेजात कामाला होता आणि घरामागं मोकळी जागा होती. महादेव नाही म्हणाला नाही. उलट त्यानं लगेच खुंटी कुठं ठोकायची ते दाखवलं. पण विमला त्या जागेत उभी राहिली आणि तिनं पाहिलं, की गवताच्या पात्यापात्यावर लाल धूळ बसली आहे आणि कुंपणापलीकडून खनिजाचे ट्रक एकामागून एक चालले आहेत. एका ट्रकानं हॉर्न दिला तेव्हा तीच दचकली. "इथं नको रे," ती म्हणाली. महादेवला थोडं सुटल्यासारखं झालं हे तिला दिसलं, तिनं ते मनावर घेतलं नाही.

एका देवळाच्या गोशाळेत तिला सांगितलं, गाय असती तर ठेवली असती. तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बापानं बागेत जागा देऊ केली, घरात विचारतो म्हणून तो आत गेला, बाहेर आला तेव्हा म्हणाला, "बाई, आमच्यात घोडो कोणी पाळूक नाय."

दुपारी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ऐन भरात होता. गुरांच्या एका दलालाचं नाव तिला कुणीतरी सांगितलं होतं. तो मिरच्यांच्या राशींपलीकडे एका झाडाखाली बसला होता. त्यानं वय विचारलं, रंग विचारला, आणि म्हणाला, "आजच गाडी पाठवतंय. तुमी कसलीच काळजी करू नकात."

"म्हणजे तुम्ही सांभाळाल?"

"न्हेतंय म्हटलंय." तो हसला. "सांभाळूक कोण घेता बाई?"

विमला तिथून निघाली. स्टँडवरच्या बाकावर बसून तिनं पाण्याची अख्खी बाटली संपवली आणि मांद्र्याची बस पकडली.

खोपीत ती गोकुळदासबरोबर गेली. इतक्या वर्षांत इथं ती पहिल्यांदाच येत होती. माडाच्या झावळ्यांचं छप्पर, पण खालची जमीन शेणानं सारवलेली, कोपऱ्यात खरारा आणि बाल्दी धुऊन उपडी ठेवलेली. शेजारीच कृष्णनाथची खोली होती. विमलाच्या घरापेक्षाही ती नीटनेटकी होती. एका खुंटीवर घोडीचा वरातीचा जरीचा साज, वर जुनं धोतर घातलेलं, धूळ बसू नये म्हणून. विमला समोरून गेली, भावानं सांगितलं होतं तशी. काजूनं मान पुढं करून तिच्या पिशवीचा वास घेतला. त्याचे पाय अंगाच्या मानानं लांब होते, नुकत्याच उंच झालेल्या मुलांचे असतात तसे.

"दोन दिवस खाणां सोडल्यान," गोकुळदास म्हणाला. "पोदेराकडचो पाव दिलो, तेवडो खाल्ल्यान."

शनिवारी ती इस्पितळात बाकावर बसून राहिली. आत कृष्णनाथचा पाय काढत होते. शेजारी एक वयस्क बाई बसली होती, नार्व्याची. कमलाक्षी तिचं नाव. तिचा नवरा बाबली हर्नियासाठी त्याच वॉर्डात होता. कमलाक्षीनं डब्यातली भाकरी मोडून अर्धी विमलाच्या हातात दिली आणि विचारलं, "तुझां कोण?"

विमलानं सांगायला सुरुवात केली ती पायापासून, आणि कधी ती शिंगराच्या गोष्टीवर आली ते तिचं तिलाच कळलं नाही. दलालाचं सांगताना तिला रडू आलं. आई गेली तेव्हाही ती कुणासमोर रडली नव्हती.

कमलाक्षीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमचो गोठो रिकामी आसा. ह्यांका आता उचलूक जमणा नाय, बैल विकले. सकाळी उठतंय नि उगीच त्या गोठ्यात जावन येतंय."

"तुमच्या यजमानांना चालेल?"

"विचारूया."

बाबली उताणा पडला होता. त्यानं डोळे न उघडताच ऐकलं. "घोड्याचां माका काय कळता?" तो म्हणाला. थोड्या वेळानं: "वायंगणाच्या भाताची लावणी झाली आसा. शेतात शिरलो तर?"

"बांधून ठेवूया," कमलाक्षी म्हणाली.

"बांधून घोडो रवता?" त्यानं डोळे उघडले, विमलाकडे पाहिलं. "शिगम्याच्या होळीपर्यंत ठेवा. मग बघूया."

रविवारी सकाळी विमला टेम्पो घेऊन मांद्र्याला आली. फळी लावली, वर पेंढा पसरला. काजू फळीपर्यंत यायचा आणि मागं रेटायचा. ड्रायव्हरनं ओढून पाहिलं, गूळ दाखवला. तासभर गेला. काजूचं अंग घामानं काळं झालं. तेव्हा गोकुळदास घरात गेला आणि क्लॅरिनेट घेऊन आला. तो टेम्पोत चढला, आतल्या बाजूला उभा राहिला आणि त्यानं वरातीची एक धून सुरू केली.

काजूचे कान उभे झाले. लहान असताना तो प्रत्येक वरातीत आईच्या बाजूनं चालायचा. ही धून सुरू झाली की आई चालू लागते एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, खोपीकडं वळून पाहिलं. मग तो फळी चढून सरळ आत गेला, आणि आत जाऊनही मान फिरवून शोधत राहिला. गोकुळदासनं धून अर्धीच सोडली. "परत वाजवूचंय नाय मी तेच्यासमोर," खाली उतरताना तो म्हणाला आणि क्लॅरिनेट पुसत उगीच उभा राहिला.

नार्व्याला पोचेपर्यंत दुपार झाली. गोठा नदीच्या बाजूला होता, आणि मध्ये कमलाक्षीची हिरवीगार खाचरं. काजू बैलांच्या गव्हाणीत तोंड घालून उभा राहिला, पण त्यानं काही खाल्लं नाही. विमला उंबऱ्यावर बसली. कमलाक्षीनं पेज आणून दिली ती थंड झाली. उन्हं उतरू लागली तेव्हा काजूनं एक काडी उचलली, चावली, आणि आणखी एक उचलली. मग विमला शेवटच्या बसला गेली.

दुसऱ्या दिवशी कृष्णनाथ पूर्ण शुद्धीवर होता. चादर एका बाजूला सपाट होती.

"सोय झाली," ती म्हणाली. "नार्व्याक. लोक चांगले आसत."

"न्हंय किती लांब?" त्यानं नदीचं विचारलं.

"दोन खाचरां सोडून."

"तेका पाणी आवडता," तो म्हणाला, आणि त्यानं चादर तोंडावर ओढून घेतली. विमलानं चादरीवरून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. असा हात तो पाच वर्षांचा असताना तिनं ठेवला असेल.

तो डिचोलीला तिच्याकडेच राहायला आला. मांद्र्याला खोप उरली नव्हती, खोलीही नव्हती. विमलानं त्याचा पलंग जनेलाशी, खिडकीजवळ, लावला. तो कुबड्यांवर घरात फिरू लागला, तिच्यासाठी नारळ किसून ठेवू लागला, मुलांच्या वह्यांना कव्हरं घालून देऊ लागला. काजूचं नाव मात्र घेईना.

शिगमो जवळ आला तेव्हा तीच रिक्षा घेऊन आली. "चल, नार्व्याक जावया," ती म्हणाली. तो नको म्हणाला नाही.

रिक्षा बांधापाशी थांबली. काजू दूर, नदीच्या कडेला चरत होता. दावं मोकळं सोडलेलं, अंगानं भरलेला. कमलाक्षी धावत आली. "हाक मारा," ती म्हणाली, "तुमचो आवाज ऐकल्यार धावत येतलो."

कृष्णनाथ रिक्षातून उतरला नाही. दोन्ही हात कुबडीवर ठेवून पाहत राहिला.

"किसना, हाक मार रे," विमला म्हणाली.

"हाक मारलंय तर येतलो," तो म्हणाला. "मग तेका परत कसो धाडू?"

मग बाबली हळूहळू चालत आला, त्याला कृष्णनाथनं खूर किती दिवसांनी कापायचे ते सांगितलं, पावसात पेंढा कसा उंचावर ठेवायचा ते सांगितलं. रिक्षा वळली तेव्हा काजूनं मान वर केली होती. कृष्णनाथनं मागं पाहिलं नाही.

शिगम्यानंतर काजूला हलवा, असं बाबली म्हणाला नाही, आणि विमलानं विचारलं नाही. ती महिन्यातून दोन रविवार हरभऱ्याची पिशवी घेऊन नार्व्याला जायची. पिशवी कृष्णनाथ भरायचा, खडे वेचून. ती परत आल्यावर तो काही विचारत नसे, तरी ती सांगायची: केस झडले, नवे आले, कमलाक्षीच्या हातून पोळी खातो, बाबली त्याला बैलाच्याच नावानं हाक मारतो.

तिसऱ्या वर्षी एकदा सांगताना ती अडखळली. मग तिनं सांगून टाकलं. "नारळाच्या गाडीक जुंपतत तेका आता. बाबलीक ओझां न्हेववत नाय."

कृष्णनाथ विळीवर नारळ किसत होता. हात थांबला.

"पट्टो खंय बसता?" त्यानं विचारलं. "मानेक, का छातयेक?"

तिला ठाऊक नव्हतं. तिनं पाहिलंच नव्हतं. पुढच्या रविवारपर्यंत थांबवेना म्हणून ती बुधवारी शाळा सुटल्यावर गेली. गाडी दारात सोडली होती, काजू घामेजलेला उभा होता. तिनं पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. मानेला एके ठिकाणी केस घासून गेले होते, रुपयाएवढी गुलाबी कातडी दिसत होती. बाबलीला तिनं दाखवलं. त्याला वाईट वाटलं. बैलाच्या जोखडाचा हिशेब त्यानं घोड्याला लावला होता. कमलाक्षीनं गोणपाट आणलं, तिघांनी मिळून त्याची जाड घडी शिवली आणि पट्टा खाली छातीवर घेतला.

घरी आल्यावर विमलानं मानेवरचं घासलेलं काढलं नाही, त्याला सांगितलं ते एवढंच, "छातयेक."

"मग बरा आसा," कृष्णनाथ म्हणाला. त्यानं किसलेला नारळ ताटलीत काढला, विळी मिटली, आणि कुबड्या घेऊन जनेलाशी जाऊन बसला. त्या रात्री तो जेवला नाही. विमलानंही त्याला आग्रह केला नाही. ताट झाकून ठेवलं.