भाग्यलक्ष्मीचा गळा

इब्रामपूरच्या बायकांच्या भजनी मंडळात भाग्यलक्ष्मी गायची आणि तिचा नवरा सगुण पेटीवर बसायचा. सगुण शाळेची बस चालवायचा. मुलांना घरी सोडले की उरलेला वेळ पेटीचा. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुठल्याही देवळात भजनाची स्पर्धा असली की लोक आधी विचारीत, "इब्रामपूरची भाग्यलक्ष्मी येतली मगो?"

गेल्या उन्हाळ्यात तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, घरच्यांनी देवीपुढे नारळ ठेवला. पण इस्पितळातून आल्यावर तिच्या तोंडून नुसती घोगरी कुजबूज निघू लागली. डॉक्टर म्हणाले, आवाजाची शीर दुखावली आहे, कधीकधी असे होते, वाट पाहू. पावसाळा सरता सरता बोलणे परत आले. गाणे आले नाही.

गणेशचवथीनंतर हळर्णच्या देवळातल्या स्पर्धेचे बोलावणे आले. मंडळातल्या सत्यवतीने तिचा हातच धरला. "तू नसल्यार आमी थंय जावन काय करू गो?"

भाग्यलक्ष्मी हो म्हणाली.

पूर्वी ती काळी पाचच्या उंच पट्टीत गायची. तालमीत सगुणने काही न बोलता काळी चार धरली. मग पांढरी पाच. मग काळी तीन. सूर उतरवताना तो तिच्याकडे बघायचे टाळायचा.

"अवो," एका दुपारी ती म्हणाली, "तुमी सूर खाली हाडतात, ता माका कळना?"

"गळो बसलो हा. रियाजान सुटतलो."

"बसलेलो गळो माका ठाऊक आसा. ह्यो तो न्हय."

सगुणने भाता मिटला.

हळर्णला मंडप भरला होता. पहिली ओळ खालच्या सुरात नीट गेली, माना डोलू लागल्या. अंतऱ्याला ती वर चढली आणि तिथे आवाजच नव्हता. उघड्या तोंडातून वारा आला. सगुणने पेटी जोरात वाजवली, सत्यवतीने टाळ आपटले. ते लपणार कुणापासून? भाग्यलक्ष्मीने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. मग मांडीवर हात ठेवून खाली बघत बसली. मागे बसलेल्या हर्षाने, तिच्याच विद्यार्थिनीने, रडवेल्या आवाजात ओळ उचलली आणि भजन कसेबसे पुरे केले. टाळ्या पडल्या. दयेच्या टाळ्या वेगळ्या वाजतात. सगुणला मान वर करवेना.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितले, आता यापुढे फरक पडणार नाही. घर येईपर्यंत दोघे सुपारीच्या बागेविषयी बोलत राहिली.

आता मंडळात हर्षा गाते आणि रविवारी शिकायला येते. परवा ती एका ओळीवर अडली.

"तशी न्हय गो. वयल्यान घसरत ये, अलगद..." भाग्यलक्ष्मीने हाताने हवेत वळण काढले. हर्षाने गायले.

"न्हय." भाग्यलक्ष्मीने तोंड उघडले आणि मिटले. मग सगुणकडे वळली. "तुमी तरी दाखया."

सगुणने पट्ट्यांवर बोटे ठेवली. एक सूर, मग दुसरा, मग तिसरा, सुटेसुटे. सुरावरून सुरावर घसरत जाणे पेटीला येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. तरी त्याने पुन्हा वाजवले, जास्त हळू.

"तशी न्हय," ती म्हणाली.

हर्षा दोघांकडे बघत थांबून राहिली.